अपघात झाला की ड्रायव्हरला सरळ १० वर्षं? असं नाहीये

कळंबोलीच्या स्टील मार्केटला किंवा वाशीला एपीएमसीत कुठल्याही गाडीवाल्याला विचारा, या कायद्याविरुद्ध झालेल्या जानेवारी २०२४ च्या ट्रक ड्रायव्हरांच्या संपापासून तेच ऐकू येतं, की अपघात झाला की ड्रायव्हर १० वर्षं आत आणि वर ७ लाख दंड. भावांनो, कायद्यात ७ लाखाचा आकडाच नाहीये. भारतीय न्याय संहितेचं (म्हणजे जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या फौजदारी कायद्याचं) कलम १०६(२) सांगतं की निष्काळजी गाडी चालवून कोणी मेलं आणि ड्रायव्हर पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला लगेच न कळवता पळाला, तर १० वर्षांपर्यंत कैद आणि दंड, म्हणजे जास्तीत जास्त १०. आणि १ जुलै २०२४ ला बाकी संहिता लागू झाली तेव्हा नेमकं हेच पोटकलम बाजूला ठेवलं होतं.

पण ड्रायव्हर लोकांची भीती खोटी नाहीये हां, थांबलं तर पब्लिक जीव जाईस्तोवर मारते, मोठी गाडी म्हणजे चूक तिचीच असं धरूनच चालतात सगळे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये जखमीला मदत करायची सक्ती आहे, पण जमाव खवळला असेल तर त्यातून सूट आहे. तिथून निघा, जवळची चौकी गाठा, कळवा.