न घडलेली दुसरी चमक

'डोळ्यांत आणि कानांत चार बोटांचे अंतर' असे आपण ऐकीव गोष्टीवर विसंबणाऱ्याला सुनावतो. कान फसतील, पण डोळ्यांची साक्ष स्वतंत्र असते, असे या म्हणीत गृहीत धरलेले आहे. लादन शम्स, युकियासु कामितानी आणि शिन्सुके शिमोजो यांनी २००० साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेमतेम एका पानाच्या टिपणाने या गृहीतकालाच धक्का दिला.

त्यांचा प्रयोग अगदी साधा होता. नजर पडद्यावरच्या एका खुणेवर रोखायची. खुणेपासून दूर, कडेला, एक पांढरी तबकडी क्षणभर चमकते आणि तेव्हाच साधारण ५७ मिलिसेकंदांच्या अंतराने दोन बारीक 'टिक' ऐकू येतात. चमक एकदाच झालेली असूनही पाहणाऱ्याला ती बहुधा दोनदा दिसते. प्रयोगातली गोम आधी ठाऊक असली, तरीही ती दिसतेच.

याचे मूळ दोन इंद्रियांच्या वेगात आहे. दृष्टिपटलावरील पेशीत प्रकाशकण शोषला गेला की ऱ्होडॉप्सिनचा रेणू आकार बदलतो, तो दुसऱ्या प्रथिनाला जागे करतो, ते एका विकराला, विकर एका संदेशवाहक रेणूचे विघटन करते आणि मग कुठे पेशीपटलातील आयनमार्ग मिटतात. या साखळीत कित्येक मिलिसेकंद जातात. कानातील केशपेशीत अशी रासायनिक साखळी नसते. तिच्या टोकावरील सूक्ष्म केस कंपनाने झुकले, की त्यांना जोडणारा धागा ताणला जाऊन आयनमार्ग थेट उघडतो. त्यामुळे अवघ्या दोन-तीन मिलिसेकंदांची फट कानाला कळते, तर इतक्या जवळच्या दोन चमका डोळ्याला एकच वाटतात. दोन्ही संकेत एकाच घटनेचे आहेत असे मेंदूने मानले, की तो प्रत्येकाला त्याच्या विचरणाच्या व्यस्त प्रमाणात वजन देतो. म्हणजे ज्याची साक्ष कमी डळमळीत, त्याचे अधिक ऐकतो. 'किती वेळा' हा काळाचा प्रश्न असल्याने तेथे कान वरचढ ठरतो. 'कोठे' या प्रश्नात मात्र डोळा जिंकतो, म्हणूनच रामदास पाध्ये यांचा आवाज अर्धवटरावांच्या तोंडून आल्यासारखा वाटतो.

ही केवळ उत्तर देताना होणारी गफलत असावी, ही शंका रास्त आहे. परंतु २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या प्रतिमांकनात, भ्रम होत असताना, डोळ्यांचे संकेत मेंदूच्या बाह्यकात जिथे प्रथम पोहोचतात त्या प्राथमिक दृक्‌क्षेत्रातील हालचालही वाढलेली आढळली.

दृश्य आणि ध्वनी यांना एकत्र प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी मध्यमेंदूतही असतात. 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या नावाखाली मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचा दावा करणाऱ्यांनी या भागाला नसते तेज चढवले आहे. तो प्रत्येकाच्या डोक्यात विनाशुल्क चालूच असतो. पट्टीआडची मुले वाचतात ती नाकाशेजारच्या फटीतून.

हा भ्रम होण्यासाठी आवाज चमकेच्या आगेमागे साधारण १०० मिलिसेकंदांत यावा लागतो. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे ३४ मीटर जातो. नदीच्या पैलतीरावर कपडे आपटणाऱ्याचा हात वर गेल्यावर 'धप्प' ऐकू येते, तेव्हा दृश्य आणि आवाज वेगळे पडल्याचे आपल्याला स्पष्ट जाणवते.