सांभाळून घेणारा साहेब आणि घडवणारा साहेब

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, मी नोकरीला लागलो तेव्हा आमचे सुपरवायझर फार मायाळू होते. माझा जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, बिघडला की ‘तू हो बाजूला, मी बघतो’ म्हणत स्वतः सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर चालणाऱ्या मशीनवर, उभे राहायचे. कधी आवाज चढवला नाही. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि ऑफसेट, म्हणजे कापणारं टूल किती आत-बाहेर सरकवायचं तो आकडा, बदलायची वेळ आली की मला घाम फुटायचा.

सांभाळून घेणं आणि घडवणं यांत गल्लत होते, कारण दोन्हीकडे साहेब स्वतःआधी हाताखालच्या माणसाचं बघतो. ‘सेवा’ या शब्दानेही घोळ होतो. दुसऱ्याचं काम आपण उपसलं की सेवा झाली असं वाटतं. अमेरिकेत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत हयात घालवलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी 1970 साली सेवक-नेतृत्वाची कल्पना मांडली. त्यांनी कसोटी लावली ती वेगळीच: ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का, जास्त शहाणी आणि स्वतंत्र झाली का? या कसोटीवर आमचे मायाळू साहेब उतरत नाहीत, हे लिहिताना मला वाईट वाटतं.

त्यांच्या जागी आलेले काका हात पाठीमागे बांधून उभे राहत. एकदा शाफ्ट 25 मिमीचा हवा होता, माझा 25.04 आला. ऑफसेटला वजा 0.04 द्यायचं, मी अधिक दिलं. काकांनी ते पाहिलं होतं. मशीनची फेरी सुरू केली तर टूल नुसतं हवेत फिरलं, धातूचा एक कीसही पडला नाही. ‘काय रे, कापलं का नाही?’ एवढंच विचारलं. माझं मलाच उमगलं. जॉब जाड राहिला होता, परत कापता येणार होता, म्हणून त्यांनी ती चूक होऊ दिली. पुढे एकदा मी 0.04 ऐवजी वजा 0.4 टाकत होतो. जॉब थेट भंगारात गेला असता. तेव्हा मात्र त्यांनी मनगटच धरलं.

बडोद्यात हा विषय निघाला की सयाजीराव महाराज आठवतातच. 1913 साली त्यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. महाराजांनी वाट मोकळी केली, विद्या बाबासाहेबांनी स्वतःच्या कष्टाने मिळवली. पण 1917 मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी ते बडोद्यात आले तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना, कचेरीत अपमान सोसावे लागले आणि त्यांना शहर सोडावं लागलं. वरून आधार असूनही भोवतालची माणसं तशीच राहिली होती.

त्या अन्यायापुढे आमच्या शॉपफ्लोअरची गोष्ट फारच लहान. तरी नव्या मुलाच्या हाती मशीन देण्याआधी मी जुन्या ऑपरेटरांना चहाला बसवून सांगतो, ‘हा काहीही विचारेल. कुणी हसायचं नाही.’