सोन्याचा मुलामा, सोन्याचे नॅनोकण आणि मधले मीठ

सोलापुरात चादर किंवा टॉवेल विणणाऱ्या इलेक्ट्रॉनिक जकार्डचे (मागावर नक्षी पाडणाऱ्या यंत्रणेचे) नियंत्रण कार्ड खोबणीतून बाहेर काढले, की त्याच्या कडेला पिवळ्या पट्ट्यांची रांग दिसते. कार्ड जुने असेल, तर भिंगाखाली आणखी एक गोष्ट दिसते. जिथे स्प्रिंगचे टोक सतत टेकलेले असते, तिथला पिवळेपणा गेलेला असतो आणि खालचे पांढुरके निकेल उघडे पडलेले असते. माग दिवसभर हादरतो, त्यामुळे दोन्ही धातू एकमेकांवर अगदी सूक्ष्म अंतराने घासत राहतात. सोने झिजल्यावर निकेलवर ऑक्साइड धरते, संपर्क तुटक होतो आणि नक्षी चुकते. अशा जोडणीवर सोन्याचा थर साधारण पाऊण मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतका असतो. एवढ्या पातळ थराकडून अधिक टिकाऊपणा कसा मिळवावा, या प्रश्नातूनच मुलाम्यात सोन्याचे नॅनोकण मिसळण्याची कल्पना पुढे आली. तिची मुळे मात्र दोन वेगळ्या इतिहासांत आहेत.

पहिला इतिहास मुलाम्याचा आहे. व्होल्टाने 1800 मध्ये विद्युतघट जाहीर केला आणि 1805 मध्ये इटलीतील पाव्हिया येथील लुइजी ब्रुन्यातेल्ली यांनी त्याच्या आधारे चांदीच्या पदकांवर सोने चढवले. त्यापूर्वी पाऱ्यात सोने कालवून ते भाजण्याची रीत होती आणि पाऱ्याच्या वाफेने कारागीर आयुष्यातून उठत. ब्रुन्यातेल्ली यांची पद्धत धंद्यात उतरली ती 1840 मध्ये, बर्मिंगहॅमच्या जॉर्ज आणि हेन्री एल्किंग्टन यांच्या पेटंटमुळे. जॉन राइट या शल्यचिकित्सकाला पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणातून सोने गुळगुळीत आणि घट्ट बसते असे आढळले होते. सायनाइडशी सोन्याचा बंध फार पक्का असल्याने धातू ऋणाग्रावर, म्हणजे मुलामा चढवायच्या वस्तूवर, सावकाश उतरतो आणि थर एकसारखा होतो. आज सराफ बाजारात ‘एक ग्रॅम सोन्याचे’ म्हणून मिळणाऱ्या दागिन्यांचा मुलामाही याच परंपरेतला आहे.

इलेक्ट्रॉनिक्सला सोने हवे होते ते न गंजणारे म्हणून. पण शुद्ध सोने मऊ असते आणि घासले की जाते. सोन्याचे सायनाइड संयुग आम्लधर्मी द्रावणातही टिकते, हे लक्षात आल्यावर त्यात किंचित कोबाल्ट किंवा निकेल मिसळून ‘हार्ड गोल्ड’ तयार करण्यात आले. थरातील कोबाल्ट अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो, तरी कडकपणा जवळपास दुप्पट होतो. पुढे भावाने हिशेब बदलला. 1971 मध्ये अमेरिकेने डॉलर आणि सोन्याची सांगड मोडली. तोवर औंसाला 35 डॉलर असलेला अधिकृत दर मागे पडला आणि जानेवारी 1980 मध्ये भाव 850 डॉलरवर गेला. त्यानंतर जिथे संपर्क होतो तेवढ्याच जागेवर आणि शक्य तितका पातळ थर देणे हेच धोरण झाले. मात्र थर पातळ झाला की त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात आणि त्यांतून खालचा धातू गंजून वर येतो. काटकसरीची ही किंमत दुरुस्ती करणाऱ्यांना रोज दिसते.

कडकपणा वाढवण्याचा आणखी एक मार्ग इंजिनांच्या धंद्यात रूढ झालेला होता. निकेलच्या द्रावणात सिलिकॉन कार्बाइडचे कण तरंगत ठेवले, तर ते धातूबरोबर थरात अडकतात आणि सिलिंडरची झीज कमी होते. कण आधी पृष्ठभागाला सैल चिकटतो आणि मग विद्युतक्षेत्रामुळे घट्ट बसतो, असे द्विचरणी स्पष्टीकरण गुग्लिएल्मी यांनी 1972 मध्ये मांडले. पण असे सिरॅमिक कण वीज नीट वाहू देत नाहीत, त्यामुळे संपर्काच्या जागी ते अडचणीचे ठरतात. सोन्याचा कण वीजही वाहतो आणि गंजतही नाही. चांदी, निकेल किंवा कथिलाच्या थरात तो विखुरला, तर धातूचे स्फटिक बारीक राहावेत आणि कमी सोन्यात काम भागावे, ही यामागची अपेक्षा.

इथे दुसरा इतिहास आडवा येतो आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. मायकेल फॅरेडे यांनी 1857 मध्ये फॉस्फरसच्या साहाय्याने सोन्याचे माणिकासारखे लाल द्रव तयार केले आणि त्याचा रंग अतिसूक्ष्म सुवर्णकणांमुळे आहे असे सांगितले. त्यात साधे मीठ घातले की लाल रंग निळा होतो, हेही त्यांनी नोंदवले. कणांवरील समान विद्युतभार त्यांना परस्परांपासून दूर ठेवतो. मिठाचे आयन तो झाकतात आणि कणांच्या गुठळ्या होतात. विसाव्या शतकाच्या आरंभी रिचर्ड झिगमाँडी यांनी हीच प्रतिक्रिया मोजमापासाठी वापरली. सोन्याच्या 10 मिलिलिटर कलिलात (कण तरंगत असलेल्या द्रवात) 10 टक्के मिठाचे 1 मिलिलिटर पाणी घातल्यावरही रंग टिकवण्यासाठी संरक्षक पदार्थ किती मिलिग्रॅम लागतो, तो आकडा म्हणजे ‘सुवर्णांक’. जिलेटिनचा अंश पुरतो, स्टार्च मात्र पुष्कळ लागतो. 1951 मध्ये टर्केविच यांनी सायट्रेटने (सायट्रिक आम्लाच्या क्षाराने) सुमारे 20 नॅनोमीटरचे कण करण्याची सोपी पद्धत दिली आणि 1994 मध्ये ब्रस्ट व सहकाऱ्यांनी गंधकयुक्त थायॉलचे आवरण असलेले अधिक टिकाऊ कण बनवले.

प्लेटिंगची टाकी म्हणजे अखेर तीव्र क्षारांचेच द्रावण. ज्या क्षारांशिवाय मुलामा चढत नाही, तेच क्षार कणांना एकत्र गोळा करतात. शिवाय सायट्रेटचे कण ऋणभारित असल्याने ऋणाग्र त्यांना दूर लोटतो. म्हणून कणांना पॉलिमरचे किंवा थायॉलचे कवच द्यावे लागते. पण कवच जाड झाले, तर तो कार्बनी पदार्थ थरात अडकतो आणि संपर्करोध, म्हणजे जोडणीच्या जागी विजेला होणारा अडथळा, वाढवतो. कवच अपुरे पडले, तर गुठळी बसते आणि तिथेच छिद्र किंवा खडबडीतपणा राहतो. त्यामुळे अशा मुलाम्याची पारख नुसत्या कडकपणाच्या आकड्यावर करणे पुरेसे नाही. थरात कण सुटे आहेत की गुठळीत हे सूक्ष्मदर्शकाने पाहावे लागते, छिद्रे उघडकीस आणावी लागतात आणि संपर्करोध नवा असताना नव्हे, तर हजारो वेळा घासल्यानंतर मोजावा लागतो.