भट्टीतला कोक आणि युरोपच्या सीमेवरचा कर

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांवर पोहोचले. हे पूर केवळ हवामान बदलाने आले असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही, कारण पूररेषेतील बांधकामांचा आणि धरणांतील विसर्गाचाही त्यात वाटा असतो. मात्र तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्प सामावून घेण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि अतिवृष्टीला तेवढे अधिक पाणी उपलब्ध होते, हे भौतिकशास्त्र पक्के आहे.

ही तापमानवाढ कोणामुळे झाली, या प्रश्नापासून हवामानाचे राजकारण सुरू होते. हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके तिथेच राहतो. म्हणून यंदाच्या धुराइतकाच औद्योगिक क्रांतीपासून साचलेल्या धुराचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. त्या साठ्यात अमेरिकेचा वाटा जवळपास एक चतुर्थांश, तर भारताचा ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास आहे. १९९२ च्या हवामान करारात ‘सामायिक, परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ हे तत्त्व आले ते याच विषमतेमुळे.

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींना, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांना, हा वाद आता वेगळ्या वाटेने भिडतो आहे. लोखंड वितळवणाऱ्या क्युपोला भट्टीत कोक, म्हणजे कोळशापासून बनवलेले इंधन, जळतो, तेव्हा त्यातील १ किलो कार्बनपासून सुमारे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण प्रत्येक कार्बन अणू हवेतील ऑक्सिजनचे दोन अणू जोडून घेतो. युरोपीय संघाने लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा आयात मालावर, उत्पादनात सुटलेल्या कार्बनच्या प्रमाणात, २०२६ पासून सीमेवर शुल्क लावले आहे. ओतकामातील सर्वच सुटे भाग या यादीत येत नाहीत, पण यादी वाढू शकते. युरोपातले कारखाने कार्बनची किंमत मोजत असताना आयात मालाला सूट का, हा युरोपचा युक्तिवाद मला चुकीचा वाटत नाही. अन्याय आहे तो पुढे: हे शुल्क टनामागे आकारले जाते, इतिहासामागे नाही, आणि त्याचे उत्पन्न युरोपच्याच तिजोरीत जाते.

भट्टी बदलायला भांडवल लागते. श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत दिले. ते पहिल्यांदा २०२२ मध्ये पुरे झाले, तेही मोठ्या प्रमाणात कर्जांच्या रूपात. २०२४ मध्ये बाकू येथील परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले, तेव्हा विकसनशील देशांची मागणी १.३ लाख कोटी डॉलरची होती आणि भारताने तिथेच आपला आक्षेप नोंदवला. शिवाय क्युपोला काढून विजेवरची इंडक्शन भट्टी बसवली, तरी राज्यातील बहुतांश वीज आजही कोळशावर तयार होते; त्यामुळे शिरोलीतला धूर कमी झाला, तरी त्यातला बराचसा वीज केंद्राच्या चिमणीतून बाहेर पडतच राहतो, आणि ती वीज बदलणे एकट्या फाउंड्रीमालकाच्या हाती नाही.