रोबोकॉपीतील थ्रेडसंख्या

रोबोकॉपी ही विंडोजमध्ये फाइली कॉपी करण्यासाठी कमांड लाइनवरून चालवायची आज्ञा. पूर्वी ती रिसोर्स किट या जादा साधनांच्या संचातून वेगळी मिळे; व्हिस्टा आणि सर्व्हर 2008 पासून विंडोजबरोबरच येऊ लागली. विंडोज 7 आणि सर्व्हर 2008 आर2 मध्ये तिला 'एमटी' हा स्विच (आज्ञेपुढे जोडायचा पर्याय) मिळाला आणि एका वेळी अनेक फाइली कॉपी होऊ लागल्या. एमटीपुढे आकडा दिला नाही तर 8 थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धारा, चालतात. 1 ते 128 पर्यंत कोणताही आकडा देता येतो. जुन्या फाइल सर्व्हरवरचा सगळा डेटा नव्यावर हलवायचा असतो, तेव्हा हा आकडा किती द्यावा हा प्रश्न खरा महत्त्वाचा ठरतो.

थ्रेड वाढवून ना नेटवर्क रुंद होते, ना डिस्क वेगवान. वाट पाहण्यात वाया जाणारा वेळ तेवढा कामी लागतो. प्रत्येक फाइल उघडायची, पलीकडे तयार करायची, तारखा आणि गुणधर्म लिहायचे, बंद करायची. यातल्या प्रत्येक पायरीला नेटवर्कवर हेलपाटा पडतो. समजा, फाइलमागे 5 हेलपाटे आणि हेलपाट्याला 20 मिलिसेकंद. मग 10 लाख फाइलींना 1 लाख सेकंद लागतील, म्हणजे जवळजवळ 28 तास, त्या फाइली अगदी 2 केबीच्या असल्या तरी! 16 थ्रेड लावले तर हाच हिशेब कागदावर पावणेदोन तासांवर येतो.

एकच 400 जीबीची फाइल असेल तर मात्र एमटीचा काही उपयोग नाही. रोबोकॉपी एका फाइलचे तुकडे करून थ्रेडमध्ये वाटत नाही. 1 गिगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला जास्तीत जास्त 125 एमबी जातात, तेव्हा त्या फाइलीला किमान 53 मिनिटे लागणारच. अशा मोठ्या फाइलींसाठी बफर (मेमरीतला मधला तात्पुरता साठा) टाळणारा 'जे' स्विच पाहावा.

फिरत्या हार्ड डिस्कवर जास्त थ्रेड उलटही फिरतात. 64 ठिकाणांहून मागणी आली की डिस्कचे वाचणारे-लिहिणारे हेड इकडून तिकडे धावत राहते आणि एकूण वेग घटतो. एसएसडीला हा ताण सहज पेलतो.

म्हणून आकडा मोजूनच ठरवावा. खऱ्या डेटातला नमुना घेऊन 8, 16, 32 असे वाढवत जावे आणि फायदा थांबला की थांबावे. दर वेळी नवा पण तशाच फाइलींचा फोल्डर घ्यावा. तोच पुन्हा घेतला तर तो मेमरीतून वाचला जातो आणि आकडे फसवतात. प्रत्येक फाइलचे नाव स्क्रीनवर उमटवण्यातही वेळ जातो, ते 'लॉग' स्विचने फाइलीत वळवावे.

सगळ्यात घातक आहे तो पुनर्प्रयत्नांचा मूळ, म्हणजे आपण न बदलल्यास लागू होणारा, आकडा: 10 लाख वेळा, दर वेळी 30 सेकंद थांबून. कुणी उघडी ठेवलेली एकच फाइल एका थ्रेडला, तत्त्वतः, 347 दिवस अडवू शकते. 'आर' आणि 'डब्ल्यू' या स्विचनी हे आकडे अगदी लहान करावेत, मग लॉगमधून राहिलेल्या फाइली शोधून दुसरी फेरी चालवावी. दुसऱ्या फेरीत न बदललेल्या फाइली आपोआप वगळल्या जातात. पलीकडची प्रत स्रोताशी तंतोतंत जुळवणारा 'मिर' स्विच वापरणाऱ्याने आधी 'एल' लावून कोरडी (प्रत्यक्ष काही न बदलता फक्त यादी दाखवणारी) फेरी घ्यावीच: स्रोतात नसलेले सगळे मिर पलीकडून पुसून टाकतो.

बॅच फाइलीतून कॉपी चालवताना निकालाचा कोडही नीट वाचावा लागतो. इथे 1 म्हणजे फाइली व्यवस्थित कॉपी झाल्या; अपयश 8 पासून पुढे.