साउंड ऑफ सिल्व्हर

'साउंड ऑफ सिल्व्हर' हा न्यूयॉर्कच्या एलसीडी साउंडसिस्टम या बँडचा दुसरा अल्बम. मार्च २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात नऊ गाणी असून डान्स-पंक या संगीतप्रकारातला तो सर्वांत परिपक्व अल्बम म्हणावा लागेल.

पंकची, म्हणजे वेगवान आणि खडबडीत रॉक संगीताची, पहिली लाट ओसरल्यावर, १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून, ब्रिटनमधील गँग ऑफ फोर आणि न्यूयॉर्कमधील ईएसजी, लिक्विड लिक्विड अशा बँडनी पंकचा रोखठोकपणा सोडला नाही, पण फंक (तालप्रधान कृष्णवर्णीय अमेरिकी संगीत) आणि डिस्कोचा ठेका धरला. दोन दशकांनी न्यूयॉर्कमध्ये हाच धागा पुन्हा उचलला गेला. तो उचलणाऱ्यांत डीएफए या रेकॉर्ड कंपनीचे एक संस्थापक जेम्स मर्फी आघाडीवर होते. एलसीडी साउंडसिस्टम हा त्यांचाच बँड.

ध्वनिमुद्रणाचा बराच भाग मॅसॅच्युसेट्समधील लाँग व्ह्यू फार्म या स्टुडिओत झाला. मर्फींनी तो स्टुडिओ चंदेरी कापड आणि फॉइलने मढवून काढला होता.

सिंथेसायझर आणि हाताने वाजवलेली वाद्ये यांचा मेळ 'ऑल माय फ्रेंड्स'मध्ये सर्वांत चांगला ऐकू येतो. सुरुवातीला फक्त पियानो. तेच स्वर घाईघाईने, किंचित अडखळत पुन्हा पुन्हा येतात. मग ड्रम आणि बेस येतात, पुढे गिटार आणि सिंथेसायझर. सात मिनिटांहून मोठ्या या गाण्यात पियानोची ती आवर्तने जवळपास बदलतच नाहीत. बदलतो तो भोवतीचा कल्लोळ. वय वाढत जाते, मित्र पांगतात आणि शेवटी त्या मित्रांचीच आठवण उरते, असा गाण्याचा आशय आहे. अल्बम आला तेव्हा मर्फी ३७ वर्षांचे होते. नाचाच्या संगीतात मध्यमवयाची ही हुरहुर इतक्या उघडपणे क्वचितच आली असेल.

'समवन ग्रेट'ची चाल मूळची '४५:३३' या रचनेतली. नायकी कंपनीसाठी, धावताना ऐकायला म्हणून, ती २००६ मध्ये तयार झाली होती. तिच्यावर शब्द चढले ते मात्र जवळच्या माणसाच्या मृत्यूचे. खाली सिंथेसायझर घुमत राहतो, वर ग्लॉकेनस्पील या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याचे किणकिणते सूर गाण्याच्या ओळींबरोबर चालतात. आवाज कुठेही चढत नाही आणि म्हणूनच गाणे आत लागते. 'नॉर्थ अमेरिकन स्कम' याच्या अगदी उलट: धसमुसळे, गिटारप्रधान आणि मोठ्याने ऐकण्याजोगे.

न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाच्या समीक्षक-कौलात हा २००७ चा सर्वोत्तम अल्बम ठरला. इलेक्ट्रॉनिक/डान्स विभागात त्याला ग्रॅमी नामांकनही मिळाले.

शेवटचे 'न्यूयॉर्क, आय लव्ह यू बट यू आर ब्रिंगिंग मी डाउन' हे संथ गाणे म्हणजे बदलत गेलेल्या शहरावरचे रुसवे-प्रेम आहे. २ एप्रिल २०११ रोजी न्यूयॉर्कमधील मॅडिसन स्क्वेअर गार्डन या मोठ्या सभागृहात बँडने निरोपाचा कार्यक्रम केला (पुढे तो पुन्हा एकत्र आला), त्याची सांगता याच गाण्याने झाली आणि वरून श्रोत्यांवर पांढरे फुगे सोडण्यात आले.