पिकअप उचलायची, पण नेमकी कुठे धरून?

पिकअपच्या हौद्यात माल चढत असताना बाजूला उभं राहून जरा वाकून बघावं. पोती पडतील तसा हौदा खाली बसत जातो, त्याच्यासोबत चॅसिसही, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडाही, खाली येते आणि पाट्यांची, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगची, कमान सरळ होऊ लागते. पण मागच्या दोन चाकांना जोडणारी ती जाड आडवी नळी, म्हणजे ॲक्सल, आपल्या जागी असते. टायर थोडा दबेल तेवढाच काय तो फरक. पंक्चर झाल्यावर जॅक कुठे लावायचा, हे मला या दृश्यातून पहिल्यांदा नीट उमगलं.

वजनाला जमिनीपर्यंत पोचायला एक ठरलेली वाट असते. माल हौद्यावर, हौदा चॅसिसच्या दोन लांब तुळयांवर, चॅसिस हँगरमधून, म्हणजे पाटे टांगणाऱ्या ब्रॅकेटमधून, पाट्यांच्या टोकांवर, पाटे मधोमध यू-बोल्टने ॲक्सलवर, ॲक्सल चाकांवर आणि चाकं जमिनीवर. भरलेली गाडी खड्ड्यात आदळते तेव्हा या भागांवर उभ्या गाडीच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त जोर क्षणभर येतो, आणि तो सोसावा म्हणूनच ते तसे जाडजूड बनवलेले असतात. जॅक म्हणजे या वाटेत मधेच रोवलेला तात्पुरता पाय. तो वाटेवर रोवला तर गाडीला काही वेगळं जाणवत नाही.

वाटेबाहेरचे भाग हे गाडीतले प्रवासी. डिझेलची टाकी, सायलेन्सर, इंजिनाखालचं ऑइल चेंबर, गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियमचं कवच, ब्रेकच्या नळ्या, रेडिएटरची चौकट ही सगळी मंडळी चॅसिसच्या आधाराने टांगलेली असतात. स्टिअरिंगचा टाय रॉड आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्टही याच यादीत. दिसायला भक्कम, पण त्यांचं काम ढकलणं, ओढणं किंवा फिरणं आहे, आडवा भार सोसणं नाही. टाय रॉड किंचित वाकला तरी चाकांची दिशा बिघडते.

सगळ्यात जास्त फसवतं ते फुटस्टेप. माणूस त्यावर बिनधास्त उभा राहतो, म्हणून ते मजबूत वाटतं. पण माणूस ८०-१०० किलोचा. रिकाम्या पिकअपचं वजन २००० किलो धरलं तर इंजिनामुळे पुढच्या एकेका चाकावरच ५५०-६०० किलो येतात. शिवाय फुटस्टेपचं ब्रॅकेट वरून येणारा जोर घ्यायला बनवलेलं असतं, जॅक खालून वर रेटतो. माझ्या हातून एकदा असा जॅक लागला होता. गाडी जागची हलायच्या आधी ब्रॅकेट वर वळलं आणि दाराखालची कड चेपली गेली.

आता वाटेवरच्या जागा. मागचं चाक बदलायचं असेल तर बऱ्याच पिकअपमध्ये ॲक्सलची नळी ही सर्वात चांगली जागा, तीही पाटे जिथे बसवलेले असतात त्याच्या जवळ. कारण साधं आहे. ॲक्सल उचलला की चाक लगेच त्याच्यासोबत उठतं. तेच काम चॅसिसला जॅक लावून केलं तर आधी पाटे सुटे होत जातात, ॲक्सल खाली लोंबत राहतो, आणि चाक जमीन सोडेपर्यंत चॅसिस सहज १०-१५ सेंटिमीटर जास्त उचलावी लागते. जॅक जितका उंच, तितकी गाडी डगमगायला सोपी. जॅकच्या बुडाची रुंदी तेवढीच राहते आणि वरचा भार मात्र आणखी वर जातो. खाली तेच बूड ठेवून डोक्यावरची उतरंड उंच करत जावी तसं हे आहे.

ॲक्सलच्या मधोमध जो फुगीर गोळा दिसतो तो डिफरन्शियल, शाफ्टचा जोर दोन चाकांत वाटणारी गिअरची पेटी. चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक तिथे लावून दोन्ही चाकं एकदम उचलायला काही कंपन्या परवानगी देतात, काही देत नाहीत. पुस्तिकेत होकार असला तरी गोळ्याच्या मागचं बोल्टने बसवलेलं झाकण टाळायचंच. अनेक गाड्यांत ते दाबून घडवलेल्या पातळ पत्र्याचं असतं. ते चेपलं तर आतलं तेल गळू लागतं. आणि एकाच मध्यबिंदूवर पूर्ण मागची बाजू तोललेली असल्याने ती डावी-उजवी कलू शकते. म्हणून वर गेल्या गेल्या दोन्ही नळ्यांखाली स्टँड हवेत.

पाटे किंवा शॉकॲब्सॉर्बर बदलायचे असतील तर ॲक्सल मोकळा लोंबायला हवा, तेव्हा चॅसिसच धरावी लागते. इथे पत्र्याच्या जाडीचं गणित कळलं की पुष्कळ काही कळतं. सपाट पत्रा वाकायला किती विरोध करतो हे त्याच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतं. केबिनचा पत्रा साधारण ०.८ मिलिमीटरचा आणि चॅसिसची पट्टी ४ मिलिमीटरची धरली, तर जाडी पाचपट, पण वाकण्याला विरोध १२५ पट. म्हणून चॅसिसपासून दोन बोटं बाजूला सरकून केबिनच्या तळाला लागलेला जॅक पत्र्यात घुसतो आणि चॅसिसला लागलेला जॅक गाडी उचलतो.

पण चॅसिसचीही प्रत्येक जागा सारखी नसते. तिची तुळई काही गाड्यांत चारही बाजूंनी बंद, पेटीसारखी असते. काहींत एक बाजू उघडी असते. उघड्या तुळईत खालची आडवी पट्टी भिंतीतून बाहेर काढलेल्या फळीसारखी असते. तिच्या मोकळ्या कडेला जॅक लावला तर कड वर दुमडते. उभ्या पट्टीच्या बरोबर खाली लावला तर जोर सरळ उभ्या पट्टीत जातो. हँगर जिथे जोडलेले आहेत किंवा आडवी तुळई जिथे येऊन मिळते त्या सांध्याजवळ चॅसिस सर्वात ताठ असते. बोल्टने बसवलेली, गिअरबॉक्स पेलणारी आडवी पट्टी मात्र मधोमध रेटू नये. आणि गंज बघायला विसरू नका. लोखंड गंजतं तेव्हा फुगतं, त्यामुळे वरून नुसते पोपडे दिसत असले तरी खालचा धातू बराच गेलेला असू शकतो. हातोडीने ठोकून पाहिल्यावर खणखणीत आवाज न येता बद्द आवाज आला, तर ती जागा सोडून द्यावी.

पुढच्या बाजूला आजच्या बहुतेक पिकअपमध्ये सलग ॲक्सल नसतो, दोन्ही चाकं आपापल्या आर्मवर, म्हणजे बिजागरीसारख्या हलणाऱ्या दांड्यांवर, स्वतंत्र वरखाली होतात. लोअर आर्म, म्हणजे खालचा दांडा, बहुतेक गाड्यांत वजनाच्या वाटेवर असतो, पण तो तिरका असतो आणि गाडी उठताना त्याचा कोन बदलत जातो. जॅकचं डोकं त्यावरून घसरण्याची भीती असते. त्यामुळे कंपनीने तशी जागा स्पष्ट दाखवलेली नसेल तर पुढच्या चाकामागे चॅसिसच्या तुळईवर दिलेली जागा शोधावी. वजनाची वाट सापडली तरी जागा सपाट असणं आणि तिने अंग न फिरवणं या दोन अटी उरतातच.

इथवर चॅसिस वेगळी असलेल्या पिकअपबद्दल बोललो. होंडा रिजलाइन, फोर्ड मॅव्हरिक, हुंडाई सांताक्रूझ या पिकअप मोटारगाडीसारख्या एकसंध सांगाड्याच्या आहेत. त्यांच्या खाली चॅसिसच्या दोन तुळया शोधून उपयोग नाही. दाराखालच्या कडेवर आखून दिलेल्या मजबूत जागाच धरायच्या. कोणत्याही गाडीची पुस्तिका उघडून जॅकच्या खुणांचं चित्र बघायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं पंक्चरच्या आधी, घरी बसून काढावीत असं मी आग्रहाने सांगेन.

जॅकच्या डोक्याइतकंच त्याचं बूड महत्त्वाचं. १० बाय १० सेंटिमीटरच्या बुडावर आलेला भार ४० बाय ४० सेंटिमीटरच्या जाड फळीवर पसरला तर जमिनीवरचा दाब सोळापट कमी होतो. मऊ माती सोडाच, कडक उन्हात डांबरही मऊ पडतं आणि जॅक त्यात एका बाजूने रुततो. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. गाडी उठते ती विरुद्ध बाजूच्या चाकांवर टेकून, दार बिजागरीवर फिरावं तशी. म्हणून उचलली जाणारी जागा सरळ रेषेत वर न जाता कंसात सरकते. ट्रॉली जॅकची चाकं त्यासाठीच असतात. खडीवर ती अडकली की सरकण्याचा सगळा जोर जॅकला आडवा पाडण्यात जातो.

आता डिफरन्शियलकडे पुन्हा वळू, कारण खरा धोका तिथे लपलेला आहे. गाडी गिअरमध्ये ठेवली की ती हलणार नाही, असा आपला समज. गिअर अडवतो तो प्रोपेलर शाफ्टला. पण साध्या डिफरन्शियलची रचनाच अशी की शाफ्ट थांबलेला असताना एक मागचं चाक पुढे फिरलं तर दुसरं तेवढंच मागे फिरू शकतं. दोन्ही जमिनीवर असतात तोवर हे घडत नाही. एक हवेत गेलं की ते मोकळं फिरतं, आणि जमिनीवरचं चाक गाडीसकट घरंगळायला मोकळं होतं. हँडब्रेक थेट मागच्या चाकांवर असेल तर तो धरून ठेवतो. पण काही गाड्यांत तोही शाफ्टवरच असतो. दोन्ही मागची चाकं उचलली असतील तर मागचा कोणताच ब्रेक कामाचा नाही. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना उटी, म्हणजे अडवणारी पाचर, लावायची, आणि ती दोन्ही बाजूंनी.

गाडी वर गेली की जॅकचं काम संपलं. बाटलीच्या आकाराच्या, तेलावर चालणाऱ्या बॉटल जॅकमध्ये लहान दट्ट्याने तेलावर दिलेला दाब मोठ्या दट्ट्यावर तेवढाच पोचतो, पण क्षेत्रफळ मोठं असल्याने जोर कित्येक पटींनी वाढतो. सतराव्या शतकात पास्कलने सांगितलेलं हे तत्त्व. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा यांनी त्यावरच आपल्या हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. उचलायला ही युक्ती अप्रतिम आहे. पण उचलून झाल्यावर सगळा भार एका रबरी सीलवर आणि छोट्याशा झडपेवर तोललेला राहतो. तिथे मातीचा कण अडकला तरी तेल परतू लागतं. स्टँडमध्ये तेल नाही, नुसती पोलादाची खीळ आणि दात. गाडीखाली अंग घालायचं असेल तर स्टँडशिवाय घालू नये. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे स्टँडऐवजी कधीच नकोत. ते सारखा पसरलेला भार पेलतात, पण एखाद्या कडेवर जोर एकवटला की काहीही इशारा न देता फुटतात.

स्टँड वजनाच्या वाटेवरच, जॅकच्या शेजारी लावा, आणि जॅक सावकाश सोडून भार त्यांच्यावर येऊ द्या. काढलेलं चाक चॅसिसखाली आडवं सरकवून ठेवा. मग बाजूला उभे राहून गाडीला दोन्ही हातांनी एक चांगला धक्का द्या. हलायची असेल तर ती आत्ताच हलू दे, खाली कुणी नसताना.